बायपासनंतर पीसीओटू (रक्तातला कार्बन डायऑक्साइड) वाढतोय: व्हेंटिलेटरचा टायडल (एका श्वासातली हवा) वाढवू की रेट (मिनिटाला श्वास)?

रात्रपाळी_रेसिडेंट: बायपासची पेशंट, उंची 160 सेंमी, वजन 84 किलो. ओटीतून आली तेव्हा अंग गार होतं, 35.4. सेटिंग टायडल 420 मिली, रेट 12, पीप (श्वास सोडल्यावरही फुफ्फुसात ठेवलेला दाब) 5. आता टेंपरेचर 36.9, पण पीसीओटू 39 वरून 51 आणि पीएच 7.29, म्हणजे रक्त आम्लाकडे झुकलंय. ऑक्सिजन सॅच्युरेशन 93 म्हणून पीप 10 केला, तर वरचं बीपी 112 वरून थेट 86. पीप परत 5 वर आणलाय. सोबतचा म्हणतो, 84 किलोची आहे, टायडल 600 दे. मन धजत नाही.

जुना_भूलवाला: धजू नकोसच. वजन वाढलं म्हणून फुफ्फुसं वाढत नाहीत गं, ती उंचीवर जातात. 160 सेंमीच्या बाईचं हिशोबाचं वजन 52 किलो. म्हणजे 420 हेच किलोमागे 8 मिली झालं. अंग गरम होताना सीओटू जास्त तयार होतो, त्यात कुडकुडत असेल तर बघायलाच नको. रेट 16 कर आणि फ्लोचा आलेख बघ: पुढचा श्वास सुरू व्हायच्या आत रेघ शून्यावर येते ना? नसेल येत तर हवा आत साठतेय. अर्ध्या तासाने एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी).

आयसीयू_मावशी: बीपीचं काय? पीपने छातीतला दाब वाढला की हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, आणि गरम होताना रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात. बहुतेक ती रिकामी आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांत द्रव कमी आहे. पण फ्लुइड देण्याआधी ड्रेन (छातीतलं रक्त बाहेर काढणारी नळी) बघ. वाहता ड्रेन अचानक थांबला आणि सीव्हीपी (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेतला दाब) चढला तर हृदयाभोवती रक्त साठत असेल; व्हेंटिलेटरशी खेळत बसू नकोस, सर्जनला उठव. शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल.

जुना_भूलवाला: बरोबर. आणि डावीकडे खाली स्टेथो लाव. तिथला फुफ्फुसाचा तळ हवा न भरता बसलेला बऱ्याचदा सापडतो.

रात्रपाळी_रेसिडेंट: सर, डावीकडे खाली आवाज कमीच होता. सक्शनमध्ये चिकट गोळा आला. ड्रेन वाहता आहे, तासाला 40 मिली. 250 फ्लुइड देऊन पीप 7 केला. बीपी 108, सॅच्युरेशन 97. रेट 16 वर पीसीओटू 41. आता श्वासाची ट्यूब काढू? सहा तास होत आलेत.

जुना_भूलवाला: घड्याळ बघून नळी काढत नाहीत. सेडेशन (गुंगीचं औषध) बंद कर. डोळे उघडून हात दाबते का, मान उचलते का, लॅक्टेट (अवयवांना रक्त कमी पडलं की वाढतं ते) उतरतंय का? सगळं होकारार्थी असेल तर प्रेशर सपोर्ट (तिच्या स्वतःच्या श्वासाला यंत्राचा जोर) 8, पीप 5 वर अर्धा तास ठेव. भरभर उथळ श्वास घ्यायला लागली तर पुन्हा आधार दे, सकाळी बघू.