मदत हवी आहे: 'डोन्ट स्पीक' हॉट १०० च्या यादीत का सापडत नाही?

नमस्कार मंडळी,

माझा मामा आचऱ्याचा, मालवण तालुका. आयुष्यभर मालवाहू बोटींवर होता. यंदा चतुर्थीला सगळे घरी असतील तेव्हाच त्याची साठी करायची ठरलीय. त्याने बंदराबंदरांतून जमवलेल्या सीड्यांची एक छोटी पुस्तिका मी छापतोय, प्रत्येक सीडीला एक पान.

अडलंय नो डाउट या अमेरिकन बँडच्या 'डोन्ट स्पीक' गाण्यापाशी. ही सिंगल (एका गाण्यासाठी काढलेली सुटी सीडी) त्याने १९९७ च्या फेब्रुवारीअखेर साउदॅम्प्टनला घेतली. तेव्हा ब्रिटनमध्ये गाणं पहिल्या नंबरावर होतं, तीन आठवडे. हे जुळलं. पण मामा म्हणतो, अमेरिकेत ते १६ आठवडे पहिलं होतं. "माका चांगला आठवता." मी बिलबोर्ड या अमेरिकन संगीत नियतकालिकाच्या हॉट १०० च्या, म्हणजे तिथल्या शंभर लोकप्रिय गाण्यांच्या, याद्या चाळल्या. पहिलं सोडाच, शंभरातही नाही! मामा अशा बाबतीत सहसा चुकत नाही, आणि त्याच्याच पुस्तिकेत चुकीचं काही छापायचं नाही.

शिवाय त्या सीडीवर बुरशी धरलीय. खाऱ्या हवेत पंचवीसेक पावसाळे काढलेत तिने. कशी पुसू?

प्रतिसाद १
मामांचं बरोबर आहे, यादी वेगळी. १६ आठवडे पहिलं होतं ते हॉट १०० एअरप्ले या यादीत, म्हणजे रेडिओवर किती वाजलं त्यावर. मुख्य हॉट १०० मध्ये येण्यासाठी तेव्हा गाण्याची सिंगल दुकानात विक्रीला असावी लागे. अमेरिकेत ही सिंगल विकायला काढलीच नाही. गाणं हवं तर 'ट्रॅजिक किंग्डम' हा अख्खा अल्बम घ्या, असा हिशेब. तो लागूही पडला, अल्बम तिथे नऊ आठवडे पहिला होता. बिलबोर्डने हा नियम डिसेंबर १९९८ मध्ये बदलला, पण तोवर हे गाणं जुनं झालं होतं. गायिका नताली इंब्रुलियाच्या 'टॉर्न' गाण्याची गत पाहा: रेडिओवर ११ आठवडे पहिलं, आणि नियम बदलल्यावर हॉट १०० मध्ये जेमतेम ४२ वं.

प्रतिसाद २
सीडी आधी उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी भोकं दिसली तर बुरशीने आतला थर खाल्लाय, तेवढा भाग गेला. नसतील तर कोमट पाणी, थेंबभर भांड्यांचा साबण, मऊ सुती फडकं. मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. छापील बाजूवर अजिबात जोर नको, चमकता थर त्याच बाजूला पातळ लेपाखाली असतो.

धागाकर्ता
दोघांचे मनापासून आभार. भोकं नाहीत, सीडी पुसली, पूर्ण वाजली! मामाला नियमाचं सांगितलं तर म्हणाला, "मग तसाच छाप." तेव्हा पानावर ब्रिटनची विक्रीची यादी आणि अमेरिकेची रेडिओची, दोन्ही नावं घालून वेगवेगळ्या देतोय.

आता एकच उरलंय. कव्हरचा आतला कागद दमटपणाने डबीला चिकटलाय. पुस्तिकेसाठी स्कॅन करायचाय, ओढायला हात धजत नाही. कोणी न फाडता सोडवलाय का?