रोमन साम्राज्य फाळणीमुळे बुडाले का?

प्रश्न (फोंडा): मी उच्च माध्यमिक वर्गांना इतिहास शिकवतो. ‘इ. स. ३९५ मध्ये साम्राज्याची फाळणी झाली, म्हणून ४७६ मध्ये ते कोसळले’ हे वाक्य मी वर्षानुवर्षे टिपणांत लिहून देत आलो आहे. काल एका विद्यार्थिनीने विचारले, की फाळणीच कारण असेल तर पूर्वेकडचा भाग १४५३ पर्यंत कसा टिकला? मला उत्तर सुचले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (मडगाव): सर, त्या वाक्यातला ‘म्हणून’ तेवढा खोडा. सम्राट थिओडोसियसच्या मृत्यूनंतर त्याच्या मुलांपैकी आर्केडियसकडे पूर्व व होनोरियसकडे पश्चिम गेली खरी. पण सम्राटांनी कारभार वाटून घेण्याची रीत तिसऱ्या शतकाच्या अखेरच्या सम्राट डायोक्लेशियनपासून चालत आली होती, आणि ३९५ नंतरही कायदे दोघांच्या नावानेच निघत. आपल्याकडे भावांच्या वाटण्या झाल्या तरी कुलदेव एकच राहतो, तशातला हा प्रकार. खरे दुखणे तिजोरीचे होते. ४०६ च्या अखेरीस व्हँडल, अलान आणि सुएवी टोळ्या ऱ्हाइन नदी ओलांडून आत शिरल्या आणि ४३९ मध्ये व्हँडलांचा राजा गायसेरिक याने उत्तर आफ्रिकेतले कार्थेज शहर घेतले. ज्या आफ्रिकेतून रोमला धान्य आणि पश्चिमेच्या तिजोरीला भरघोस कर मिळे, तीच हातची गेल्यावर सैन्य पोसायचे कशावर? पूर्वेकडे इजिप्त आणि सीरियाचा महसूल शाबूत होता. आफ्रिका परत मिळवण्यासाठी पूर्वेने ४६८ मध्ये प्रचंड आरमार धाडले, पण गायसेरिकने पेटती जहाजे त्यावर सोडून ते उधळून लावले.

उत्तर (डिचोली): बहुतेक मान्य आहे, परंतु वाटणीला इतके निर्दोष ठरवू नये. ३७८ च्या एड्रियानोपलच्या लढाईत सम्राट व्हॅलेन्सला मारणारे गॉथ टोळीवाले पूर्वेच्या हद्दीत होते. पुढे त्यांचा नायक अलारिक इटलीवर चालून गेला आणि ४१० मध्ये त्याने रोम लुटले. त्याआधी कित्येक वर्षे पश्चिमेचा सेनापती स्टिलिको आणि पूर्वेचा दरबार एकमेकांना पाण्यात पाहत होते. एकच धनी असता, तर हे भांडण तरी टळले असते.

उत्तर (पणजी): तिजोरीचा मुद्दा नाण्यांत डोळ्यांनी दिसतो. तिसऱ्या शतकातल्या ‘चांदीच्या’ नाण्यावरचा मुलामा झिजला की खालचे तांबे उघडे पडे. सम्राट कॉन्स्टंटाइनने मात्र एका रोमन रत्तल सोन्यात ७२ या हिशेबाने सॉलिडस हे सोन्याचे नाणे पाडले, आणि पूर्वेने त्याचा कस अकराव्या शतकापर्यंत जवळजवळ तसाच राखला. आमच्या आजोबांच्या पोर्तुगीजमध्ये शिपायाच्या पगाराला ‘सोल्दो’ आणि शिपायाला ‘सोल्दादु’ म्हणत. दोन्ही शब्द त्याच नाण्याचे.