मदत हवी आहे : कुशल कामगारांचा तुटवडा टक्क्यांत कसा काढतात?

घाईत_आहे
नमस्कार मंडळी. सोमवारी अहवाल द्यायचाय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. बांधकाम ठेकेदारांना फोन करून 'तुम्हाला किती कुशल कामगार कमी पडतात?' असं विचारलं. आकडे एक्सेलमध्ये टाकले, बेरीज केली. साहेबांनी बघितलं आणि म्हणाले, "हा तुटवडा नाही, ही मागण्यांची यादी आहे." म्हणजे काय, ते त्यांना विचारायची सोय नाही. कुणाकडे सूत्र आहे का? फक्त सूत्र द्या, लेक्चर नको.

ओळंबा
किती ठेकेदार? कुठले ट्रेड, म्हणजे गवंडी, सुतार की इलेक्ट्रिशियन? कमी पडतात म्हणजे आज, या महिन्यात, की पुढच्या स्लॅबला? आणि 'कुशल' कोणाला धरलंय?

घाईत_आहे
ट्रेड विचारले नाहीत. कुशल म्हणजे कुशल हो, हेल्पर सोडून सगळे. सूत्र?

नोंदवही
घ्या सूत्र. रिक्त जागा भागिले (भरलेल्या जागा + रिक्त जागा), गुणिले १००. युरोपियन युनियनचं सांख्यिकी कार्यालय युरोस्टॅट असाच दर काढतं, अमेरिकेतल्या रिक्त जागांच्या जोल्ट्स सर्वेक्षणातही हाच भागाकार असतो. समजा ९० गवंडी कामावर आहेत आणि आणखी १० हवेत, तर दर १० टक्के. बरेच जण ९० नेच भागतात आणि ११ लिहून मोकळे होतात. आता सांगा, कामावर सध्या किती आहेत हे विचारलंत का?

घाईत_आहे
नाही. तेही लागतं का?

खडीवाला
नोंदवही, तुमचं सूत्र कारखान्यात चालेल. साईटवर 'रिक्त जागा' नावाची वस्तूच नसते. संध्याकाळी मुकादमाला फोन जातो, "उद्या सहा फिटर पाठव." सकाळी चार येतात. त्या दोन जागा जाहीर कधी झाल्या आणि भरल्या कधी? तीस वर्षं या धंद्यात आहे, मी एकच गोष्ट बघतो : उचल. मुकादम आगाऊ जास्त मागायला लागला की समजायचं माणसं आटली.

नोंदवही
अहवालात 'उचल' लिहिली तर साहेब यांनाच उचलतील. पण तुमचा रोख बरोबर आहे. ब्लँक आणि स्टिगलर या अर्थतज्ज्ञांनी १९५७ मध्ये हीच कसोटी लावली होती : एखाद्या कामाचा मोबदला बाकीच्या कामांपेक्षा वेगाने वाढतोय का? ते बोलत होते इंजिनिअर आणि शास्त्रज्ञांबद्दल, पण गवंड्यालाही तीच फूटपट्टी लागते. १९५९ मध्ये ॲरो आणि कॅप्रन यांनी त्यात भर घातली. मोबदला एका रात्रीत चढत नाही. तो चढेपर्यंत मागणी आणखी पुढे गेलेली असते, आणि त्या मधल्या काळात जागा रिकाम्या दिसत राहतात.

हात_घडवा
सगळे चुकीचं मोजताय. दरवर्षी किती मुलं प्रशिक्षण घेऊन बाहेर पडतात ते मोजा. मूळ तिथे आहे.

खडीवाला
मूळ दरात आहे. 'माणूस मिळत नाही' म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या दराने मिळत नाही? परवाच्या दराने ना? शिकलेली पोरं दुसऱ्या धंद्यात का जातात, त्याचंही उत्तर तेच.

हात_घडवा
दर वाढवला म्हणून उद्या सकाळी वेल्डर उगवत नाही. हात बसायला वर्षं जातात.

नोंदवही
तुम्ही दोघे एकच गोष्ट दोन टोकांनी सांगताय. वर ॲरो-कॅप्रन लिहिलंय ते वाचा की.

चौथा_मजला
धाग्याचं नाव बघून आशा वाटली. बाथरूमच्या टाइल्स काढून पुन्हा बसवायच्या आहेत, उतार उलटा झालाय. चांगला माणूस आहे का कुणाकडे?

सरळ_भिंत
मी तर म्हणतो भिंती प्रीकास्ट, म्हणजे कारखान्यात ओतून तयार आलेल्या घ्या, गवंडीच नको. तुटवडा खलास.

ओळंबा
मग क्रेन ऑपरेटर, भिंत क्रेनला बांधणारा रिगर, सांधे भरणारा यांचा तुटवडा मोजा. चौथा मजला, वेगळा धागा काढा राव.

घाईत, तुमच्याकडे परत येतो. ट्रेड वेगळे केल्याशिवाय हात लावू नका. इस्को-०८ या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वीटकाम करणारे ७११२, सुतार ७११५, प्लंबर ७१२६, इमारतीचे इलेक्ट्रिशियन ७४११. दहा सुतार जास्त आणि दहा इलेक्ट्रिशियन कमी असतील तर बेरजेत शून्य येतं आणि काम मात्र ठप्प. दुसरं, डोकी नका मोजू, मनुष्यदिवस मोजा. तीन दिवसांसाठी हवे असलेले पाच फिटर आणि वर्षभर हवे असलेले पाच फिटर एकाच रकान्यात बसत नाहीत.

नोंदवही
आणि प्रश्नही बदला. 'किती कमी पडतात' म्हटलं की प्रत्येक जण दोन जास्तच सांगतो. युरोपात बांधकाम कंपन्यांना दर महिन्याला विचारतात की काम कशामुळे अडलं : मागणी नाही, हवामान, माणसं, माल की पैसा? मालच आला नव्हता असं निघालं, तर तुमचा अर्धा तुटवडा तिथेच गळतो. ब्रिटनमधल्या सर्वेक्षणात याच्याही पुढे जातात. जागा भरायला जड का जातेय, हे विचारून उमेदवारांकडे कौशल्य, पात्रता किंवा अनुभव नाही म्हणून अडलेल्या जागा वेगळ्या धरतात. कामाच्या वेळा गैरसोयीच्या म्हणून कोणी येत नसेल, तर तो कौशल्याचा तुटवडा नव्हे.

घाईत_आहे
एवढं सगळं सोमवारपर्यंत होणार नाही. मी फोन केलेले ठेकेदार सगळे एकाच मोठ्या इमारतीच्या कामासाठी टेंडर भरतायत, त्यामुळे ट्रेड साधारण सारखेच असतील. तेवढं चालेल ना?

ओळंबा
थांबा. एकाच कामासाठी??

घाईत_आहे
हो. मला वाटलं ते उघडच आहे.

ओळंबा
अहो, काम एकालाच मिळणार. त्या इमारतीला वीस गवंडी लागणार असतील आणि चार जणांनी प्रत्येकी वीस सांगितले, तर तुमच्या एक्सेलमध्ये ऐंशी झाले. साहेब यालाच यादी म्हणाले असतील. परत फोन लावा आणि फक्त हातात असलेल्या कामाचं विचारा : ट्रेडनिहाय किती आहेत, किती हवे, किती दिवसांसाठी, कुठल्या दराने शोधले आणि किती दिवस शोधताय.

खडीवाला
+१. आणि उचल विचाराच.

घाईत_आहे
लावले फोन. एकाने उचललाच नाही. दुसरा म्हणाला, ते टेंडर गेलं, हातात काम नाही, आता एकही माणूस कमी नाही. उलट सहा जण बसून आहेत.

चौथा_मजला
त्या सहांत टाइल्सवाला आहे का?