पॅलेडियम-कार्बन परत मिळवायला सेंट्रीफ्यूज कोणतं घ्यावं? बजेट ७ लाख

रबाळे_अनघा: नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत छोटं युनिट आहे. नायट्रो रिडक्शनला (हायड्रोजनने नायट्रोचं अमाइन करायला) ५% पॅलेडियम-कार्बन, म्हणजे कार्बनच्या भुकटीवर पॅलेडियम असलेला कॅटॅलिस्ट, मिथेनॉलमध्ये. १००० लिटरच्या बॅचला ओला धरून ४ किलो. सध्या स्पार्कलर (कागद लावलेल्या थाळ्यांचा फिल्टर) आहे, पण बारीक काळं एमएलमधून (गाळून आलेल्या द्रवातून) निसटतं आणि उरलेला कागदावरून खरवडावा लागतो. परत वापरायचाय, संपला की रिफायनरला (त्यातलं पॅलेडियम काढून घेणाऱ्याला) द्यायचाय. जुनं मशीन चालेल.

पावणे_प्लॉटवाला: ताई, जुन्याच्या नादी लागू नका. आम्ही नवीन ४८ इंची बॉटम डिस्चार्ज (तळातून माल काढणारं सेंट्रीफ्यूज) घेतलं. पीएलसी, ऑटो नायट्रोजन, सगळं. ३५ लाखांना पडलं, पण ऑपरेटर नुसता उभा असतो.

रबाळे_अनघा: बजेट ७ आहे हो.

पावणे_प्लॉटवाला: एकदाच घ्यायचं ना. बँक देते की.

ऐरोलीचे_अण्णा: स्पार्कलरला उगाच नावं ठेवता. हायफ्लोचा (गाळायला मदत करणाऱ्या मातीच्या पावडरचा) थर द्या, पाण्यासारखं स्वच्छ एमएल येतं.

मास्तर_घणसोली: अण्णा, आणि हायफ्लोत कालवलेला कॅटॅलिस्ट पुन्हा वापरायचा कसा? कार्बन जळतो, हायफ्लो जळत नाही. रिफायनरच्या राखेत तोच भरतो.

ऐरोलीचे_अण्णा: आमचा रिफायनर कधी बोलला नाही.

खैरणे_जॉबवर्क: बोलेल कशाला, पैसे कापतो! आमच्या लॉटचं पॅलेडियम त्याच्या रिपोर्टात कमी, बाहेरच्या लॅबच्या आयसीपीत (धातू मोजायच्या चाचणीत) जास्त. सॅम्पल काढताना स्वतः उभे राहा, सीलबंद सॅम्पल आपल्याकडे ठेवा.

तळोजा_शिफ्ट_बी: मशीन नंतर, आधी आग. हायड्रोजन प्यायलेला, मिथेनॉलचा केक (गाळून उरलेला कॅटॅलिस्टचा थर) कोरडा पडला की हवा लागताच पेटतो. आमच्याकडे ३६ इंची बास्केटमध्ये (भोकांच्या टोपलीचं सेंट्रीफ्यूज, आत कापडी बॅग) 'अजून जरा फिरव' करत सुकवला. झाकण उचललं, बॅगच्या काठाला लाल ठिपके दिसले, आणि पुढच्या क्षणी सगळी बॅग. पाण्याची होज शेजारीच होती म्हणून निभावलं. नायट्रोजन, अर्थिंग, अँटिस्टॅटिक बॅग, फ्लेमप्रूफ मोटर यात काटकसर नको. पाण्याने धुवून केक ओलाच काढा.

वागळे_इस्टेट_७७: चुंबकाचा ट्रॅप लावा. आम्ही लावलाय, एक कण जात नाही.

मास्तर_घणसोली: तुमचं रॅने निकेल (चुंबकाला चिकटणारा निकेलचा कॅटॅलिस्ट) असेल. कार्बनला चुंबक काय ओढणार?

वागळे_इस्टेट_७७: मी अनुभव सांगितला. पुस्तकं आम्हीही वाचलीत.

मास्तर_घणसोली: असो. ताई, भोकांचं बास्केट म्हणजे शेवटी फिरतं गाळणंच. ३६ इंची १००० आरपीएमला साधारण ५०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ५०० पट) देतं, पण कापडाच्या छिद्रांपेक्षा बारीक कण जाणारच. ट्युब्युलरमध्ये (उभ्या नळीसारखा बोल वेगाने फिरवणाऱ्या सेंट्रीफ्यूजमध्ये) कापड नाही. साडेचार इंची बोल १५००० आरपीएमला साधारण १४००० जी. कण निम्मा झाला की बसण्याचा वेग पाव होतो, म्हणून बारीक कार्बनला तेवढा जी लागतो. आणि कच्च्या मालात गंधक असेल तर कॅटॅलिस्ट आधीच मेलेला, कशातही फिरवा.

पावणे_प्लॉटवाला: ट्युब्युलर घेऊ नका. दर वेळी बोल खोलून हाताने साफ करायचा, माणसं पळतात.

खैरणे_जॉबवर्क: +१. पळतातच.

तळोजा_शिफ्ट_बी: मीही नकोच म्हणेन. हाताने खोलणं म्हणजे हवा लागणं.

एमपीसीबी_फाइल: कोणी बोललंच नाही! संपलेला कॅटॅलिस्ट घातक कचऱ्यात येतो. २०१६ च्या नियमांनी ९० दिवसांवर साठवू नका. परवानगी असलेल्यालाच, मॅनिफेस्टसह (कचऱ्यासोबत जाणाऱ्या नोंदीच्या कागदासह) द्या.

ऐरोलीचे_अण्णा: मॅनिफेस्ट सोडा, शीळफाट्याला गाडी अडकली की तिथेच ९० दिवस.

रबाळे_अनघा: सगळ्यांचे आभार. तळोज्यात बंद पडलेल्या युनिटचं ट्युब्युलर साडेचार लाखांत मिळालं, घेतलं. उरलेल्या पैशांत नायट्रोजनची लाइन आणि ऑक्सिजन मीटर. रात्रभर सेटल करून वरचं एमएल मशीनमधून घेणार, खालचा गाळ पुढच्या बॅचला तसाच रिॲक्टरमध्ये. म्हणजे बोलमध्ये थोडंच येईल. खोलण्याआधी पाणी सोडून मिथेनॉल बाहेर काढू.

पावणे_प्लॉटवाला: सांगितलं होतं. सहा महिन्यांनी विकायला काढाल.

खैरणे_जॉबवर्क: काढलंत तर आधी मला कळवा.