मदत हवी आहे: शाईपेनाला नवी निब बसत नाहीये, रविवारच्या आत हवंय

सांजवारा
बाबांच्या शाईपेनाची निब मोडली आहे, एका बाजूचं टोकच गेलंय. ६ नंबरची नवी निब ऑनलाइन मागवली, कारण जिथे बघावं तिथे हाच नंबर सगळ्यांना चालतो असं लिहिलेलं असतं. ती बसतच नाही. दुकानदार म्हणतो पाकीट फोडलंय, परत घेणार नाही. रविवारी बाबांची पंचाहत्तरी आहे आणि त्यांच्या हातात हेच पेन चालू करून द्यायचं आहे, दुसरं नको. कशी बसवायची? किंवा पुण्यात कोण बसवून देईल? कृपया लवकर सांगा.

शाईवेडा
पेन कुठलं? निब नुसती खोचलेली आहे की आट्यांची? फोटो टाका. एवढ्या माहितीवर काय सांगणार?

सांजवारा
साधं काळं जुनं पेन आहे, जाडसर. त्यावर नाव नाही. बसत नाही म्हणजे भोकात शिरतच नाही, याहून जास्त काय सांगू?

परभणीकर
ताई, जुन्या पेनाच्या मागे लागू नका. पायलटचं काकुनो घ्या. निब आणि जीभ (निबेखालची, शाई पुढे नेणारी पट्टी) चिमटीत धरून सरळ ओढली की बाहेर येते, आणि मेट्रोपॉलिटन, प्रेरा, पेनमनशिप यांच्या निबा त्यात अदलाबदल करून चालतात. मी बारीक निब काढून जाड घातली, दोन मिनिटांचं काम. लॅमी सफारीचंही तसंच, निबेवर चिकटपट्टी लावायची आणि पुढे सरकवायची.

मुक्ता_नाशिक
परभणीकर, त्यांनी 'दुसरं नको' असं स्पष्ट लिहिलंय हो.

परभणीकर
वाचलं मी. पण रविवारपर्यंत वेळ नाही म्हणून व्यवहारी मार्ग सांगितला. वाढदिवसाला लिहितं पेन हातात पडणं महत्त्वाचं.

दौत आणि टाक
सोनाराकडे घेऊन जा. मोडलेलं टोक जोडून देईल.

व्हर्नियर
सोनाराकडे अजिबात नेऊ नका. टोकाला जो बारीक दाणा असतो तो अतिशय कठीण मिश्रधातूचा असतो. तो निबेवर जोडणं आणि मग घासून त्याला आकार देणं हे वेगळंच कसब आहे. सोन्याच्या निबेसाठी काही कारागीर ते करतात, पोलादी निबेला तो खर्च परवडत नाही.

सांजवारा, तीन गोष्टी सांगा. एक, नुसती निब आली आहे की निब, जीभ आणि त्याभोवती प्लास्टिकची आटे असलेली नळी असा अख्खा संच आलाय? दोन, पेनाची जीभ चकचकीत प्लास्टिकची आहे की मंद काळी, करवतीने खाचा पाडल्यासारखी? तीन, जुनी निब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती मिलिमीटर आहे?

बोरू
शाई कुठली वापरता ते आधी सांगा. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ काळी शाई या पेनात कधीही घालू नका, तिच्यात लाख असते, वाळली की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. साधी रॉयल ब्ल्यू उत्तम. आपल्याकडे शाईची परंपरा जुनी आहे. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत घोडा छाप शाईची पूड आणि गोळ्या विकायला सुरुवात केली, त्यातूनच पुढे कॅम्लिन उभी राहिली.

शाईवेडा
शाईचा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

बोरू
नवी निब बसवून तिच्यात चुकीची शाई घातली तर सगळी मेहनत वाया. म्हणून सांगितलं.

सांजवारा
व्हर्नियर, अख्खा संच आलाय, पिवळी निब आणि काळी आटे असलेली नळी. पेनाला आतून आटे नाहीतच, गुळगुळीत भोक आहे. जीभ मंद काळी आहे, खाचा हाताने पाडल्यासारख्या. मोडलेली निब निम्मी आत आहे, ती मोजू कशी? बाबा नोकरीत असताना राजमुंद्रीला गेले होते तिथून आणलंय. ड्रॉपरने शाई भरतात.

शाईवेडा
हे पहिल्यांदाच लिहिलं असतं तर एव्हाना काम झालं असतं. हे एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, हाताने कातलेलं पेन आहे.

दौत आणि टाक
राजमुंद्री! म्हणजे रत्नम पेनांचं गाव. गांधीजींनी स्वदेशी वस्तू बनवायला सांगितलं आणि रत्नम यांनी पेन घडवलं. १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून त्यांना पत्र लिहून ते पेन चांगलं चालतंय असं कळवलं. वर्ध्याचं हे नातं आपल्याला ठाऊक असायला हवं.

परभणीकर
तिथे पेन करणारे एकच नाहीत, आणि या पेनावर नाव नाही. उगाच कुणाच्या नावावर टाकू नका.

दौत आणि टाक
मी हे पेन रत्नमचं आहे असं म्हटलेलं नाही. गावाबद्दल लिहिलं.

व्हर्नियर
सांजवारा, तुमची निब बहुधा वाया गेलेली नाही. तुम्ही बसवत होतात ती आट्यांची नळी. ती ज्या त्या कंपनीच्या पेनासाठी असते. बर्लिनच्या योवो या निबकंपनीची नळी हायडेलबर्गच्या बॉकच्या निबांसाठी केलेल्या पेनातही जात नाही, दोघांची निब ६ नंबरची असली तरी. तुमच्या पेनाला नळी लागतच नाही. निब आणि जीभ नुसती घट्ट खोचलेली असते.

आधी नव्या संचातली निब आणि जीभ एकत्र धरून सरळ बाहेर ओढा. पिरगाळू नका. हात घसरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घ्या. निबेचे खांदे, म्हणजे दोन्ही बाजूंच्या रुंद कडा, दाबायचे नाहीत, मधली शाईची फट वाकडी होते.

मग जुनी. काढण्याआधी बाजूने फोटो काढा, म्हणजे जीभ निबेच्या किती मागे ठेवायची ते दिसेल. पेनाचा पुढचा भाग फिरवून वेगळा करा, फक्त निबेचं टोक वाटीतल्या साध्या पाण्यात थोडा वेळ बुडवा, वाळलेली शाई सुटेल. नंतर मागच्या भोकातून लाकडी काडीने हळूच ढकला. लोखंडी पक्कड नको. दोन्ही निबा शेजारी ठेवून लांबी आणि मागची गोलाई बघा. ६ नंबरची साधारण ३५ मिमी असते, आपल्याकडचे पेनवाले तिला '३५ची' म्हणतात. जुळली तर नवी निब जुन्या जिभेवर ठेवून दोन्ही मिळून आत खोचा. नवी प्लास्टिकची जीभ ठेवून द्या.

शाईवेडा
बरोबर. पण जुनी जीभ नव्या निबेला चिकटून बसणार नाही, मध्ये फट राहील आणि शाई तुटक येईल. उकळत्या पाण्यात बुडवून जीभ दाबावी लागेल.

व्हर्नियर
उकळतं नको. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. गरम पाण्याने पकडायचा काळा भाग तपकिरी-हिरवट पडतो. निब आणि जिभेचं टोक एवढंच कढत पाण्यात धरायचं, वर पाणी लागू द्यायचं नाही, आणि जीभ अंगठ्याने निबेवर दाबून थंड होऊ द्यायची.

शाईवेडा
मी वर्षानुवर्षं उकळत्या पाण्यानेच करतो, टोकापुरतंच. कोमट पाण्याने एबोनाइट वाकतच नाही.

व्हर्नियर
कोमट म्हटलं नाही, कढत म्हटलं. टोकापुरतं करत असाल तर आपलं भांडण नाही.

मुक्ता_नाशिक
लायटर मात्र कुणी वापरू नका. माझ्या एका पेनाची जीभ त्याने वेडीवाकडी झाली होती.

परभणीकर
नाही जमलं तर पुण्यात अप्पा बळवंत चौकात चौकशी करा, पेन तिथेच दाखवा. आणि ही निब जुळली नाही तर कानपूरची कॅनराइटही निबा बनवते.

सांजवारा
झालं! निब नळीतून ट्यूबच्या तुकड्याने निघाली. जुनी निब ढकलताना धाकधूक झाली, पण निघाली. लांबी सारखी आहे, नवीची गोलाई किंचित मोठी. खोचल्यावर घट्ट बसली. कढत पाण्याचं केल्यावर निब आणि जिभेमधली फट दिसेनाशी झाली. आता लिहितं आहे. पण मोठं वाक्य लिहिलं की शेवटी फिकं पडतं. काय करू?

व्हर्नियर
नव्या निबेवर कारखान्यातलं तेल असू शकतं. भांड्यांच्या साबणाचा एक थेंब पाण्यात घालून निबेचा भाग त्यात हलवा, मग साध्या पाण्याने धुवा. तरीही फिकं पडलं तर टोक उजेडासमोर धरा. निबेची मधली फट टोकाला पूर्ण मिटलेली दिसली तर निब नेहमीसारखी, म्हणजे जीभ खाली ठेवून, कागदावर किंचित दाब देत एक-दोन रेघा ओढा. बळ लावू नका.

सांजवारा
साबणानेच सुटलं. बाबांची सही पानभर करता येईल इतकं सलग येतंय. शाई रॉयल ब्ल्यूच आहे, बोरू. सगळ्यांचे आभार. उरलेली नळी आणि प्लास्टिकची जीभ कुणाला हवी असेल तर कळवा, पोस्टाने पाठवते.