सीटीत अचानक अ‍ॅड्रिनलची गाठ दिसली, म्हणून ठरलेलं ऑपरेशन थांबवावं का?

दादरकर: मामांच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख ठरली होती. सीटीत डाव्या किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत २.२ सेंमीची गाठ निघाली आणि भूलतज्ज्ञांनी नकार दिला. आधी चोवीस तासांच्या लघवीची टेस्ट म्हणे! वय ७१, हातात पाच लिटरचा कॅन, सकाळच्या गर्दीची लोकल. अशा गाठी बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात, मग सरसकट सगळ्यांना का लटकवायचं?

आरती_ठाणे: मी भूल विभागात काम करते. थांबवलं ते बरोबरच केलं. ही गाठ फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे अ‍ॅड्रिनलीनसारखी हार्मोन्स सोडणारी निघाली, तर भूल देताना बीपी २०० पार जाऊ शकतं, जीवही जाऊ शकतो. आधी कळलं तर १०-१४ दिवस अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) देऊन बीपी ताब्यात आणता येतं. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) त्यानंतरच. क्रम उलटा झाला तर बीपी आणखी भडकतं. आणि कॅनच नको असेल तर मेटानेफ्रिनची (त्या हार्मोन्सपासून बनणारं द्रव्य, लघवीत तेच मोजतात) टेस्ट रक्तातूनही होते, अर्धा तास आडवं झोपवून रक्त घेतात.

लालबागचा_बाळ्या: रिपोर्टमध्ये एचयूचा, म्हणजे सीटीत गाठ किती दाट दिसते त्याचा आकडा बघितलात का? काँट्रास्ट (शिरेतून देतात ते औषध) न देता काढलेल्या सीटीत गाठ एकसारखी आणि एचयू १० किंवा कमी असेल, तर ती साधी चरबीयुक्त गाठ. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिला मेटानेफ्रिनची टेस्ट लागत नाही. गाठ कॉर्टिसॉल हार्मोन जास्त बनवते का हे बघायला रात्री डेक्सामेथासोनची १ मिग्रॅ गोळी आणि सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल, एवढं मात्र करावंच.

दादरकर: मामांचा सीटी काँट्रास्टचाच. म्हणजे परत स्कॅन, परत खर्च. त्यांना ना घाम, ना धडधड, ना डोकेदुखी. हर्निया अडकला असता तर थांबला असतात?

आरती_ठाणे: नसतो थांबलो. धमनीत लाइन टाकून, बीपी उतरवायची औषधं हाताशी ठेवून केलं असतं. पण हे ठरवून करायचं ऑपरेशन आहे, दोन आठवडे हातात आहेत. आणि लक्षणं नाहीत म्हणून फिओ नाही, असं धरता येत नाही. साधा, काँट्रास्टशिवायचा सीटी काही मिनिटांत होतो, तोच आधी करा.

दादरकर: मग हेच केसपेपरवर लिहा ना! कुठली टेस्ट, कशासाठी, नॉर्मल आली तर नवी तारीख कोणती. नुसतं "टेस्ट करून या" म्हणून म्हाताऱ्या माणसाला दारातून परत पाठवणं मला मान्य नाही.