पूर्वीचा मीडिया खरंच निःपक्षपाती होता का?

कोरी_पाटी
मंडळी एक शंका आहे, घरात रोज यावरून वाजतं म्हणून इथे टाकतेय. बाबांचं म्हणणं की पूर्वी पेपरात छापून आलं म्हणजे ते खरंच असायचं, आता सगळा मीडिया विकला गेलाय. भाऊ म्हणतो मीडिया पहिल्यापासून असाच, फक्त आता आपल्याला कळायला लागलंय. मला दोघांचं थोडं थोडं पटतं त्यामुळे गोंधळ जास्तच. पेपर, रेडिओ, टीव्ही आणि आता मोबाईल, यात नक्की बदललं काय? लिंका देऊ नका प्लीज, वाचून होत नाहीत, आपल्या शब्दात सांगा.

झोपमोड
भाऊ जिंकला. १८३५ साली न्यूयॉर्कच्या 'द सन' पेपराने चंद्रावर जीवसृष्टी सापडली म्हणून अख्खी लेखमाला छापली होती, पंखवाली माणसं वगैरे सगळं, आणि वर जॉन हर्शेल या खऱ्याखुऱ्या नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञाचं नाव चिकटवलं. तो बिचारा तेव्हा दक्षिण आफ्रिकेत दुर्बीण लावून बसलेला, त्याला पत्ताच नाही. फेक न्यूज काय व्हॉट्सअ‍ॅपने जन्माला घातलेली नाही.

रात्रपाळी
झोपमोडभाऊ, किस्सा बरोबर पण 'द सन' असं का करू शकला ते राहिलं. हा पेपर १८३३ ला निघाला तेव्हा किंमत एक सेंट, बाकीचे पेपर सहा सेंटला. एका सेंटात कागद शाईचा खर्च कुठून निघणार, तो जाहिरातीतून काढायचा, आणि जाहिरात हवी तर खप हवा, खप हवा तर चंद्रावरची माणसं हवीत!! त्याआधी अमेरिकेत बरेचसे पेपर उघड उघड राजकीय पक्षांचेच असायचे, त्यात कुणाला काही गैर वाटायचं नाही. म्हणजे निःपक्षपाती हा शब्दच मुळात उशिरा आलाय. नंतर तारा (टेलिग्राफ) आल्या, न्यूज एजन्स्या निघाल्या (असोसिएटेड प्रेस १८४६, रॉयटर्स १८५१), एकच कॉपी वेगवेगळ्या मतांच्या पेपरांना विकायची म्हटल्यावर मजकूर आपोआप कोरडा ठेवावा लागला. त्यात तत्त्व होतंच, पण धंदाही होता.

मी स्वतः काही वर्षं पेपरात पानं लावायच्या डेस्कवर काढलीत, पेपरचं नाव नको. रात्री साडेअकराला अर्ध्या पानाची जाहिरात येऊन पडली की लावलेल्या तीन बातम्या उडायच्या. कुणाचा फोन नाही, दबाव नाही, नुसती जागा नाही म्हणून. सकाळी वाचकाला त्या बातम्या होत्या हेच माहीत नसायचं. विकला गेला म्हणतात ना, ते बहुतेक वेळा असं बिनआवाजाचं असतं.

तिरपागडा
रेडिओचंही घ्या की. ३० ऑक्टोबर १९३८ ला अमेरिकेत सीबीएस रेडिओवर मंगळवाले पृथ्वीवर उतरल्याचं नाटक लागलं, बातमीपत्राच्या थाटात. दुसऱ्या दिवशी पेपरांत मोठमोठे मथळे, देशभर घबराट, लोक रस्त्यावर! नंतर अभ्यासकांनी तपासलं तर काही लोक घाबरले होते हे खरं, पण देशभर वगैरे बरंच फुगवलेलं होतं. रेडिओ तेव्हा पेपरांच्या जाहिराती खात होता, हे लक्षात घेतलं की मथळे एवढे मोठे का ते कळतं. आज टीव्हीवाले सोशल मीडियाला नावं ठेवतात तेव्हा मला हेच आठवतं.

चष्मा_कुठेय
सगळे बाबांना झोडपतायत म्हणून त्यांच्या बाजूने दोन शब्द. पेपरच्या तळाशी बारीक टायपात प्रिंटलाइन असते बघ, मुद्रक प्रकाशक संपादक, नावासकट. खोटं छापलं तर कोर्टात कुणाला ओढायचं ते ठरलेलं. फॉरवर्डला प्रिंटलाइन कुठून आणणार? बाबांना जे आठवतंय ते बहुधा हे आहे.

दुसरं म्हणजे १९६८ च्या अमेरिकन निवडणुकीत मॅककोम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांनी चॅपल हिल गावातल्या मतदारांना महत्त्वाचे प्रश्न कोणते ते विचारलं, तर लोकांची यादी आणि मीडियाने ज्याला जास्त जागा दिली ती यादी जवळजवळ सारखीच. १९७२ ला ते छापून आलं, अजेंडा सेटिंग म्हणतात त्याला. म्हणजे काय मत बनवायचं ते मीडियाला जमो न जमो, कशावर मत बनवायचं ते तो ठरवतो. पण तेव्हा ते पहिलं पान सगळ्यांना एकच होतं, आता अल्गोरिदम प्रत्येकाला वेगळं पान लावून देतं आणि ते लावणारा उपसंपादक कुणाला दिसत नाही. माझ्या मते खरा बदल हाच, खरंखोटं पहिल्यापासून होतंच.

रात्रपाळी
+१. आणि आमचं पान निदान रात्री दीडला छपाईला सुटायचं, मग घरी जाता यायचं. हे पान सुटतच नाही.

कोरी_पाटी
सगळ्यांना थँक्यू. चष्मा_कुठेय यांचं वाचून आत्ता बाबांचा आणि भावाचा फोन शेजारी ठेवून बघितला, पहिल्या दहा बातम्यांत एकही सारखी नाही. बाबांनी दोन्ही नीट पाहिले आणि म्हणाले माझ्या फोनमध्ये खऱ्या बातम्या येतात.